कौसाबाईचं कामून

रेणापुरात माझं सायकलचं दुकान व्हतं. दुकान म्हंजे काय, एक लिंबाचं झाड, दोन पंप, पान्ह्याचा डबा आन मी. शाळेत मी गेलोच न्हाई असं न्हाई. तीन दिवस गेलो. चौथ्या दिवशी मास्तरच घरी आले आन बापाला म्हणले, ह्याला धाडू नका, हा बाकीच्याला शिकू देईना. तवापासून मला वाचता येत न्हाई, आन वाचता येत न्हाई म्हणून माझी एक दाढ गेली. ती हकीकत पुढं येती.

आधी कौसाबाई. तिचं सांगायचं म्हंजे माझ्या पोरीचंबी सांगावं लागतंय, म्हणून मंगलला इचारलं, सांगू का? ती म्हणली, "सांगा आप्पा. पण फजिती तुमचीच सांगा." मग काय फिकर न्हाई. माझ्या फजितीचं पोतं भरलेलं हाय.

कौसाबाई गावच्या सरकारी दवाखान्यात आया व्हती. सुया उकळायची, फरशी पुसायची, रडत्या लेकराला धरायची. बौद्धवाड्यात घर. नवरा लवकर गेला, एक पोरगा, तो नांदेडला शिकायला. उंचीला बाई माझ्या मोठ्या पंपापेक्षा चार बोटं जास्त असंल. कमरेला एक कापडाची पिशवी, त्यात भाजलेले चिंचोके. दिवसभर एक चिंचोका गालात फिरायचा. बोलताना तो ह्या गालातून त्या गालात गेला की समजायचं, आता बाई "कामून" म्हणणार.

"कामून?" हा तिचा शब्द. लोकं रामराम घालतेत, ती कामून घालायची. राग न्हाई, टोमणा न्हाई. तिला खरंच जाणून घ्यायचं असायचं. डॉक्टरला इचारायची, ताप आला की अंग गरम व्हतंय, मग थंडी कामून वाजती? माझ्यापाशी येऊन बसायची आन ट्यूब पाण्यात बुडवली की बुडबुड्याकडं असं बघायची की जणू सिनिमा चाललाय. "हवालदार, बुडबुडा वरच कामून येतू? खाली कामून जात न्हाई?" मी हवा भरतो म्हणून मी हवालदार. गावातल्या खऱ्या हवालदाराला लोकं भिऊन राहिले व्हते, मला बकरीबी भीत नव्हती. पण त्या बाईनं हाक मारली की मी जरा ताठ बसायचो.

त्या साली दोन गोष्टी संगंच झाल्या. लातूर जिल्हा झाला आन पाऊस गेला. आधी लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात व्हतं. गावात एक सायब आले, जीपमधून, भाषण केलं. आता कलेक्टर लातुरात, कचेऱ्या लातुरात, सगळं जवळ आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तर लई वाजवल्या, कारण मला वाटलं भाषण संपलं. तवर कौसाबाई उभी राहिली.

"सायब, जिल्हा इकडं आला म्हंता ते खरं. मग पाऊस तिकडंच कामून ठिवला? वाटणीत राहून गेला का?"

सायब हसले. मग हसायचे थांबले. तिसऱ्या दिवशी टँकर सुरू झाला. तिच्यामुळं झाला का कागद आधीच निघाला व्हता, मला ठावं न्हाई. पण गाव म्हणायचं, कौसाबाईच्या कामूनला चाकं फुटली.

टँकर आला तशी भांडणं आली. घागरीवर घागर, शिवीवर शिवी. ग्रामसेवक दोनदा मधी पडला आन दोनदा वला होऊन घरी गेला. मग तोच कौसाबाईला म्हणला, तुम्ही बघा. पगार न्हाई, कागद न्हाई. काही जणांनी नाक मुरडलं, हिनं आमच्या घागरी कामून मोजाव्या? ती म्हणली, "घागरीला हात लावत न्हाई, नुसतं मोजते." एका घराच्या जेवढ्या घागरी ठरल्या तेवढे चिंचोके उजव्या मुठीत. एक भरली की एक चिंचोका डाव्या मुठीत. उजवी मूठ उघडून दाखवली, मोकळी, की घर बाजूला. त्या मोकळ्या हाताशी कुणी भांडायचं?

आता मंगलचं सांगतो.

पोरगी तवा दहावीत. सतरावं लागलेलं, कारण मधी एक वरीस म्या तिला दुकानावर बसवलं व्हतं. ही पहिली फजिती लिहून ठिवा. हुशार व्हती. त्या उन्हाळ्यात गावात हगवण-वांतीची साथ आली. शेजारचं तान्हं लेकरू आजारी पडलं आन दोन दिवसांत गेलं. त्याच्यामागून मंगल हात धुवायला लागली. आधी आम्हाला बरंच वाटलं, साथ हाय, धुवावेत. मग ती दार उघडून धुवायची, दार लावून धुवायची. वहीला हात लावला की धुवायची. धुऊन झाले की पुन्हा धुवायची. ज्या गावात माणसं अंघोळीचं पाणी झाडाला आन झाडाचं राहिलेलं बकरीला देऊन राहिले, त्या गावात माझी पोरगी रांजण रिता करून राहिली. शाळा सुटली तिची. पुस्तकाला हात लावायचा म्हंजे धुवायला उठावं लागायचं.

एक दिवस टँकरपाशी बौद्धवाड्यातल्या एका बाईची घागर मंगलच्या घागरीला लागली. मंगलनं तिथंच, सगळ्यांसमोर, भरल्या घागरीतून तांब्या काढला आन हात धुतले. एकदा न्हाई, तीनदा.

ती बाई पेटली. "आमची घागर लागली म्हणून हात धुती काय गं? लई मोठ्या घरची लागून गेली!"

मी धावलो. मला वाटलं, एक इनोद केला की मिटंल. म्या म्हणलं, "अवो वैनी, ती माझ्या घागरीला लागली तरी धुती, मी बी काय लई सवच्छ न्हाई!" कुणी हसलं न्हाई. उलट पारावरचा एक म्हातारा वरडला, "धुवंना का! पोरगी वळणाची हाय." मग तर तिच्यासंगच्या बायाबी तापल्या, आन तापायलाच पाह्यजे व्हत्या.

आन खोटं कशाला सांगू, त्या म्हाताऱ्याचं ऐकून मला आतून बरं वाटलं. पोरगी येडी झाली म्हणण्यापेक्षा सोवळी हाय म्हणलेलं बरं, असं माझ्या टाळक्यात आलं. दुसऱ्याचा अपमान झाला तर होऊ दे, माझी अब्रू झाकती ना. असा मी.

कौसाबाई तिथंच उभी व्हती. चिंचोका गालात, नजर मंगलच्या हातावर.

दुसऱ्या दिवशी दुकानावर आली. मला वाटलं आता पायताण निघंल. मी दोन्ही पंप पुढं करून बसलो, आडोसा म्हणून. ती खाली बसली आन म्हणली, "हवालदार, तुझी पोरगी आमच्या घागरीला लागलं म्हणून न्हाई धूत. मी चार दिवसांपासून बघून राहिले. तिच्या मायच्या घागरीला लागलं तरी धुती. कुणाच्याच न्हाई लागलं तरी धुती. काल टँकर आल्यापासून जाईपतूर मोजलं." तिनं मूठ उघडली. चिंचोकेच चिंचोके. "कामून?"

मला काय माहीत कामून. म्या सांगितलं, लाड झाले, दुसरं काय. आन म्या इलाजबी केलाय. रांजणाच्या झाकणाला सायकलची साखळी घातली, कुलूप लावलं. किल्ली करगोट्याला. हे मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, म्हंजे बघा.

"मग थांबली का?"

थांबली नव्हती. पाणी न्हाई म्हणून तिनं चुलीतली राख घेतली. मग माती. हाताची सालटं निघाली. भाकर मोडताना बोटातून रगत आलं. आन सकाळीच ती मला म्हणली व्हती, "आप्पा, साखळी रांजणाला नका घालू. माझ्या हाताला घाला." त्यावर मला काहीबी इनोद सुचला नव्हता. तेबी कौसाबाईला सांगितलं.

तिनं माझं पंक्चरचं घमेलं पुढं ओढलं. त्यात त्या दिसांत पंधरा दिवसांचं काळं पाणी असायचं. म्हणली, "ट्यूबला भोक पडलं तर तू ट्यूबला मारतूस का? कुलूप लावतूस? पाण्यात बुडवून हुडकतूस ना, कुठून हवा जाती म्हणून. मग पोरीचं कामून हुडकत न्हाईस?"

मग ती आमच्या घरी आली. मंगल कोपऱ्यात, हात पदराआड. मी आन मंगलची माय रोज एकच इचारायचो, "काय झालंय तुला, का करतीस असं?" म्हंजे आमचाबी कामूनच, पण त्याला दांडकं लावलेलं. कौसाबाईनं तसं इचारलंच न्हाई. ती म्हणली, "मंगल, धुतले की कसं वाटतं गं?"

पोरीनं पदराआडचे हात आणखी आत वढले. मग, "बरं वाटतं, मावशी."

"किती येळ बरं वाटतं?"

"थोडा येळ. मग वाटतं, राहिलं."

"काय राहिलं?"

मंगलनं मान वर केली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. "त्या बाळाला म्या पाणी पाजलं व्हतं, मावशी. माझ्या हातानं. मला दुसऱ्याचं काही लागत न्हाई. माझंच दुसऱ्याला लागंल. तुमच्या घागरीला लागलं, आन तुमच्या वाड्यातलं कुणी मेलं तर?"

मंगलची माय रडाया लागली. मला तो पारावरचा म्हातारा आठवला, आन त्याच्याकडं बघून बरं वाटलेला मी आठवलो. जमीन फाटली असती तर बरं झालं असतं. दुष्काळात फाटलेली व्हतीच, पण माझ्या मापाची न्हाई.

कौसाबाई म्हणली, "पोरी, ते लेकरू आधीच आजारी व्हतं, दवाखान्यात मीच धरलं व्हतं त्याला. पण मी सांगून तुझं मन ऐकणार न्हाई, ते मला दिसतंय. ह्याचा डॉक्टर असतू. मनाचा. लातूरच्या मोठ्या दवाखान्यात गुरुवारी येतू. आमचे डॉक्टर बोलताना ऐकलंय. तुझी इच्छा असंल तर मी येते संगं."

मंगल म्हणली, "मी येडी हाय का मावशी?"

"ते मला काय ठावं? मी आया हाय. इचारू आपण त्यालाच."

आता मी काय करावं? गप गुरुवारची वाट बघावी. पण माझ्या डोक्यात दुसरंच. कौसाबाईसंगं येड्याच्या डॉक्टरकडं गेलो तर एस.टी.त सगळं गाव बघंल. पोरीचं लगीन कसं व्हायचं? म्हणून कुणाला न सांगता सोमवारीच मंगलला घेऊन लातूर गाठलं. गुरुवारचा डॉक्टर सोमवारी कसा असंल, एवढंबी सुचलं न्हाई.

दवाखान्यात शिरलो. जिल्हा नवा, पाट्याबी नव्या, रंग वला. मंगल नळाकडं गेली, हात धुवायला. तिला तिथंच सोडलं आन मी दारं हुडकत निघालो. एका माणसाला म्हणलं, "दादा, एवढी पाटी वाचा." तो वाचाया लागला, "मानसेवी..."

"बास!" म्या म्हणलं. "बास, पुढं नको." मन, आन मनाची सेवा. माझ्यासारख्या अडाण्यालाबी कळलं. लाइनीत उभा राहिलो. इचार केला, आधी आपण आत जावं, डॉक्टर चांगला हाय का बघावं, मग पोरीला बोलवावं.

आत गेलो. डॉक्टर म्हणले, "काय त्रास?"

म्या हळूच म्हणलं, "सायब, झोप न्हाई लागत. जेवण जात न्हाई. लई काळजी वाटती."

"कधीपासून?"

"दोन महिने."

"तोंड उघडा."

मला वाटलं मन तोंडातूनच बघत असतील. मोठ्ठं उघडलं. डॉक्टरांनी बत्ती मारली, म्हणले, "झोप कशी लागंल! एवढी किडलीय." मला गहिवरूनच आलं, माणसाला आतलं दिसतंय म्हणून. म्या म्हणलं, "काढून टाका सायब, जे काय असंल ते काढून टाका."

त्यांनी काढून टाकली.

बाहेर आलो तवा तोंडात कापूस, गाल बधिर, हातात कागदात बांधलेली दाढ. मंगल नळापासून आली, माझ्याकडं बघितलं, मग दारावरच्या पाटीकडं बघितलं. तिला तर वाचता येतंय. पाटीवर पुढं "दंतचिकित्सक" व्हतं. पोरगी बघतच राहिली. आन मग हसली. भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईपतूर हसली. मीबी हसाया गेलो तर कापूस पडला. दोन महिन्यांत आमच्या घरात कुणी हसलं नव्हतं. एका दाढेत तेवढं झालं, महाग न्हाई.

गावात उतरलो तर स्टँडवर कौसाबाई उभी.

"हवालदार, गाल कामून सुजला?"

खोटं बोलाया तोंडच नव्हतं. सगळं सांगितलं. ती खाली बसून हसली. मग डोळे पुसत म्हणली, "अरे बाबा, मानसेवी म्हंजे बिनपगारी. मानासाठी सेवा. मी टँकरपाशी करते ना, तशी." मग हसणं थांबलं. "पण सोमवारी कामून गेलास?"

ह्या कामूनला मी सुजलेला गाल पुढं केला. पण तिला खरं कळलं असावं, कारण तिनं पुन्हा इचारलं न्हाई. फक्त म्हणली, "गुरुवारी एस.टी.त मी दुसऱ्या बाकड्यावर बसंन. वळख दाखवू नको."

तेवढं ऐकल्यावर मात्र मला माझीच किळस आली. गुरुवारी म्याच तिला हाक मारली, सगळ्या एस.टी.ला ऐकू जाईल अशी, "मावशे, इकडं या, जागा धरली!" जागा धरली नव्हती. तिघंबी उभ्यानं गेलो. मंगलला दांडी धरवंना, गाडी हालली की पडाया लागायची. कौसाबाईनं आपलं मनगट पुढं केलं. "हे धर. घाण वाटली तर उतरून धू. मला राग न्हाई." मंगल लातूर येईपतूर ते मनगट धरून उभी.

डॉक्टरनं, गुरुवारच्या खऱ्या डॉक्टरनं, आधी आम्हाला इचारलं, दिवसातून कितीदा धुती? म्या म्हणलं, दहा-बारादा. अब्रू दवाखान्यापतूर सोडली नव्हती बघा. कौसाबाईनं पिशवी टेबलावर रिती केली. "सायब, सकाळपासून एवढे. पोरीला इचारूनच मोजलेत." डॉक्टर चिंचोक्याकडं बघतच राहिले. मग म्हणले, आता मी तिच्याशी एकट्यानं बोलतो. मी खुर्चीतून उठलोच न्हाई. मी बाप हाय, माझ्यासमोर बोलावं. कौसाबाईनं मला दंडाला धरून बाहेर काढलं.

"मला कामून काढलं?" ह्या टायमाला कामून माझा व्हता.

"तिला तुझंबी सांगायचं असंल. साखळीचं."

बाकड्यावर बसून राहिलो. अर्धा घंटा झाला असंल. करगोट्याची किल्ली मांडीला टोचत व्हती. दार उघडलं तवा मंगलचे डोळे सुजलेले, पण खांदे खाली आलेले. डॉक्टर म्हणले, हा आजार हाय, येड न्हाई, कुणाचा शाप न्हाई. ह्याला औषध हाय, आन औषधाच्या संगं थोडी मेहनत. येळ लागंल. कुलूप काढा. रागावू नका. धुवावं वाटलं की तिनं थोडं थांबायचं, आधी थोडं, मग जास्त.

थांबायचं कसं मोजायचं? गोळ्या सुरू झाल्या, आन कौसाबाई रोज टँकर गेला की आमच्या ओट्यावर यायची. मंगलला धुवावं वाटलं की दोघी बसायच्या, समोरासमोर. उजव्या मुठीतून डाव्या मुठीत एकेक चिंचोका, हळूहळू. पहिल्या दिवशी तीन. मग सात. एका दिवशी पिशवीच संपली तर मंगल म्हणली, "मावशी, पुन्हा मोजा, अजून थांबते." एखाद्या दिवशी तीनवरच उठायची, रडत रांजणाकडं पळायची. कौसाबाई म्हणायची, "आज तीन. कामून बरं? काल झोपली न्हाईस का?" बास. ना शाबासकी, ना शिव्या. मी मधी एकदा इनोद कराया गेलो तर दोघींनी संगंच माझ्याकडं असं बघितलं की मी दुकानावर जाऊन चांगल्या टायरची हवा सोडली.

टँकरपाशी जी बाई पेटली व्हती, तिला कौसाबाईनं एवढंच सांगितलं, पोरीला बरं न्हाई. बाकी सांगितलं न्हाई. मी तिच्या घरी जाऊन हात जोडले. ती म्हणली, "पोरीचं राहू दे. पारावरचा म्हातारा बोलला तवा तुम्ही गालात हसून राहिले व्हते, ते मी बघितलंय." खरं व्हतं.

पुढल्या वर्षी पाऊस आला, मंगल दहावी झाली. असं सांगितलं की वाटतं सगळं बरं झालं. तसं न्हाई. लग्नाच्या आधी तिचं पुन्हा वाढलं. तवा ती स्वताच म्हणली, "आप्पा, गुरुवारी जाऊ." लगीन हदगावला झालं, आन ठरायच्या आधी तिनं नवऱ्याला समदं सांगितलं. मी लपवा म्हणत व्हतो. ही शेवटची फजिती लिहा.

कौसाबाई नोकरी संपल्यावर पोराकडं नांदेडला गेली. लई वरसं भेट न्हाई. मग एकदा मंगलला सासरी सोडाया चाललो, तर नांदेडच्या स्टँडवर भोकरच्या गाडीत, खिडकीला, तीच. केस पांढरे, गालात चिंचोका. कंडक्टरला इचारून राहिली व्हती, गाडीला पुढं दार असताना चढायचं मागूनच कामून?

"मावशी!" मंगल धावली. कौसाबाईला आधी वळखू आलं न्हाई, मग आलं. ऊन लई व्हतं, म्हातारीचा घसा सुकलेला. मंगलनं पिशवीतून बाटली काढली, झाकणात न वतता तळहाताची वाटी केली, आन खिडकीतून तिच्या तोंडाला लावली. स्वताच्या हातानं. कौसाबाई प्याली. तोंड न पुसता मंगलच्या हाताकडं बघून राहिली. मीबी बघून राहिलो. बाटलीत पाणी उरलं व्हतं. स्टँडचा नळ चार पावलांवर, चालू.

मंगलनं हात पदराला पुसला आन इचारलं, "पोरगा बरा हाय का मावशी?"

गाडी हालली. कौसाबाईनं खिडकीतून उजवा हात बाहेर काढला आन तळवा उघडून आमच्याकडं धरला. मला वाटलं तंबाखू मागून राहिली. मी चंची काढून गाडीमागं पळाया लागलो.

मंगलनं मला मागून धरलं. "आप्पा, थांबा. ती मागत न्हाई काही. मूठ दाखवून राहिली. मोकळी हाय."